लेकीची फ्रेम, माझे पाय

ज्या वर्षी लेकीचा आणि माझा पाय एकाच मापाचा झाला, त्या वर्षी माझ्या चपला घरात जागेवर सापडेनाशा झाल्या. सकाळी शाळेत निघायच्या वेळी शोधावं, तर त्या तिच्या पायात कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेल्या असायच्या. मी थोडी कुरकुर करायची, पण आतून बरंही वाटायचं. नववीतली पोरगी आपल्या मापाची झाली, एवढंच मनात यायचं. या मापापायी आपल्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी चाकांवर उभं राहावं लागेल, हे कुठे माहीत होतं?

मी सिंदी रेल्वे या गावात शाळेत गणित शिकवते. नवरा सेलूला तहसील कार्यालयात. लेक सात वर्षांची असल्यापासून स्केटिंग करते, म्हणजे शर्यतींचं स्केटिंग, वेगाचं. रविवारी पहाटे आम्ही तिला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर जायचो. ती पुढे सुसाट, मागे स्कूटरवर मी, आणि माझ्यामागे "हळू चालव, हळू चालव" म्हणणारा नवरा. हे तो तिला म्हणायचा की मला, ते मी कधी विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात गावात रोलर हॉकीचं शिबिर सुरू झालं. शिकवायला वर्ध्याहून एक तरुण प्रशिक्षक यायची. नागपूरला शिकताना ती स्वतः हा खेळ खेळलेली होती. पोरी तिला ताई म्हणायच्या, मग आम्ही आयाही ताईच म्हणू लागलो. मैदान म्हणून मिळालं होतं एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं आवार. कापसाचा हंगाम संपला की तिथलं सिमेंटचं मोठं अंगण मोकळं पडतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते झाडलं, आणि कडेला बांध म्हणून रिकाम्या पोत्यांत कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरून ती पोती रचली. पोरगी आपटली तर सोयाबीनच्या कुटारावर आपटावी, हा हिशेब. या खेळातल्या चकतीऐवजी चेंडू घेतला होता, कारण त्या खरबरीत सिमेंटवर चकती सरकायची कमी आणि कोलांट्या जास्त खायची.

पहिल्या दिवशी लेक मोठ्या ऐटीत उतरली. स्केटिंग तिला नवं नव्हतं, बाकीच्या पोरींपेक्षा वेग कितीतरी जास्त. ताईनं चेंडू टाकला, लेक त्याच्यामागे निघाली. चेंडू डावीकडे वळला. लेक सरळ गेली. सरळ, सुंदर आणि थेट पोत्यांत.

ताईनं विचारलं, "काऊन वं, थांबता येत नाई तुले?"

"येते ना ताई," लेक कुटार झटकत म्हणाली. "पन जागा लागते."

"किती?"

"रस्ता लागते."

सगळ्या हसल्या. लेकही हसली, पण घरी येताना स्कूटरवर कपड्यांतलं कुटार वेचत राहिली. असं चार-पाचदा झालं. जी पोरगी रस्त्यावर कुणाला ऐकायची नाही, ती इथे चेंडूच्या मागे मागे फिरत होती, आणि चेंडू दरवेळी दुसरीकडेच असायचा.

शेवटी ताईनं तिला खाली बसवलं, बूट काढायला लावले आणि उलटे धरून मला दाखवले. "मॅडम, बूट एकदम बढिया आहे. फ्रेम बदलावं लागन."

मला तोवर वाटायचं, की स्केट म्हणजे चपलेसारखी एकच वस्तू. ताईनं समजावलं, की बूट वेगळा, चाकं वेगळी, आणि मध्ये बुटाच्या तळाला दोन बोल्टांनी बसवलेली जी धातूची पट्टी चाकांना धरून ठेवते, ती फ्रेम. लेकीची फ्रेम शर्यतीची होती. लांबलचक, खाली बशीएवढाली तीन चाकं. तिचा जन्मच सरळ जाण्यासाठी झालेला.

"लांब फ्रेम म्हंजे एसटी बस," ताई म्हणाली. "छोटी म्हंजे ऑटो. स्टेशनच्या गल्लीत एसटी वळवून पाहा बरं तुमी."

हे मला लगेच पटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अभ्यास करू दे मले."

इथे मी थोडी घाबरले. आमच्या घरी कूलर घ्यायचा ठरला होता, तेव्हा यानं इतका अभ्यास केला की उन्हाळा संपला. पण लेकीचा बाप म्हटल्यावर अडवणार कशी? रोज रात्री जेवताना आम्हाला फ्रेमचं ज्ञान मिळू लागलं. ॲल्युमिनियमची मजबूत असते. मॅग्नेशियमची हलकी असते. प्लास्टिकची वाकते, आणि ती वाकली की जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

"मॅग्नेशियममध्ये काय होते, का..." तो हातातला घास तसाच धरून सांगायचा.

"भाजी घ्या आधी," मी म्हणायची.

लेक मात्र डोळे मोठे करून ऐकायची. मग बापलेकीनं मोबाइलवर बाहेरदेशातल्या पोरींचे सामने पाहायला सुरुवात केली. तिथल्या आरशासारख्या जमिनीवर त्या पोरी अशा काही गिरक्या घ्यायच्या, की मी पोळ्या लाटता लाटता थांबून पाहायची. त्यांच्या फ्रेमला पुढची दोन चाकं लहान आणि मागची दोन मोठी होती. लेकीचं मन तिथेच बसलं. "आई, असंच पाह्यजे मले," ती म्हणाली.

नवऱ्यानं घरी बसल्या एक फ्रेम मागवली. खोकं आलं. उघडलं, वास घेतला, फिरवून पाहिली, आणि बुटाला लावायला गेलो तर भोकंच जुळेनात. बुटाच्या तळाला दोन बोल्टांमधलं जे अंतर होतं, त्यापेक्षा फ्रेमवरचं अंतर जास्त. एवढ्या अभ्यासात हीच एक गोष्ट कुणी मोजली नव्हती. नवरा उठला आणि आतून ड्रिल मशीन घेऊन आला.

लेकीनं बूट छातीशी धरला. "बाबा, माह्या बुटाले हात नाई लावाचा!"

"अवं बेटा, एक छोटंसं भोक..."

"नाई म्हंजे नाई!"

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी ड्रिल मशीनची वायर गुंडाळून ठेवली आणि फ्रेम परत पाठवली.

ताईला हे कळलं तेव्हा ती खूप हसली, पण पुढच्याच रविवारी ती स्वतः तीन जोड्या घेऊन आली. नागपूरच्या आपल्या जुन्या मैत्रिणींकडून एका दिवसापुरत्या मागून आणलेल्या. तिन्हींची भोकं लेकीच्या बुटाला जुळणारी. एक जोडी लहान, चार सारखी छोटी चाकं. दुसरी जरा लांब, चार सारखी पण मोठी चाकं. तिसरी तीच, मोबाइलवरची, पुढे लहान आणि मागे मोठी चाकं असलेली, वर निळी चकाकी.

लेकीनं आधी अर्थातच निळी लावली. दोन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, "हेच."

"बाकीच्या दोन तं घालून पाहा," ताई म्हणाली.

तिनं घातल्या. प्रत्येकीवर छान चालली. आणि पुन्हा म्हणाली, "निळीच."

ताईनं डोकं खाजवलं. "तुह्यावर काई कळत नाई मले. तुले चालता येते ना, तू फ्रेमची खोड आपल्या पायानं झाकून टाकते. ज्याले येत नाई, त्याच्या पायात घातली का फ्रेम काय करते ते साफ दिसते. तुह्या मापाचा पाय पाह्यजे कोनाचा तरी. नवा."

लेकीनं मान वळवली. ताईनं वळवली. कठड्यावर बसलेल्या आयांनी वळवली. माझ्या नवऱ्यानंही वळवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी अजून विसरलेले नाही.

"मी?" मी म्हटलं. "मी स्कूटरबी पाय टेकवत टेकवत चालवतो."

पण तोवर एक आई माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवत होती आणि दुसरीनं मोबाइल काढला होता. माझी ओढणी कुणीतरी कमरेला गच्च बांधून दिली. गुडघ्यांवर लेकीचे गुडघेरक्षक. बुटांत पाय गेले ते मात्र अगदी सहज, जणू माझेच बूट.

आधी लहान फ्रेम. ताई आणि लेक दोन बाजूंनी धरून मला उभं करत होत्या, आणि माझे पाय एकमेकांची विचारपूस करायला आत आत येत होते.

"थांबा मॅडम," ताई मागे उकिडवी बसून म्हणाली. "घोटे आत पडून राह्यले तुमचे."

"ते जन्मापासूनच आहे," मी म्हटलं. माझी प्रत्येक चप्पल आतल्या कडेनं झिजते. फळ्यासमोर तास-दोन तास उभं राहिलं की घोटे आतून दुखतात. मला वाटायचं, शिक्षकांचं असंच असतं.

ताईनं मला कुटाराच्या पोत्यावर बसवलं. खिशातून वाकडी चावी काढली, बोल्ट सैल केले, दोन्ही फ्रेम बुटाखाली जराशा आतल्या बाजूला सरकवल्या आणि पुन्हा आवळल्या. सरकवल्या म्हणजे तरी किती? नखाच्या जाडीएवढ्या. मग म्हणाली, "उठा आता."

मी उठले. आणि सरळ उभी राहिले.

हे सांगायला फार छोटं आहे. पण माझे घोटे आत पडले नाहीत. गुडघे गुडघ्यांच्या जागी होते, पाठ पाठीच्या जागी. इतक्या वर्षांत आपण थोडं वाकडं उभे आहोत हे मला ठाऊकच नव्हतं, कारण सरळ कसं वाटतं तेच माहीत नव्हतं. मी दोघींचे हात सोडले. पडले नाही.

"आई, तू सरळ झाली!" लेक मागून ओरडली. मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "ताई, माहे घोटेपन पडते का असे?"

"थोडेसे. तुहीपन फ्रेम सरकवू."

"म्हनून मी उजवीकडे वळत नाई?"

"ते फ्रेमचं नाई, बाई," ताई म्हणाली. "शर्यतीत तुमी सदा डावीकडेच फिरता. उजवीकडे वळाची सवयच नाई तुले. ते तुले शिकावं लागन, फ्रेम शिकवनार नाई."

लेकीला हे फारसं आवडलं नाही. सगळा दोष फ्रेमचा, असं तिचं ठरलेलं होतं.

दुसरी, लांब फ्रेम. तिच्यावर मी फार खूश होते. हलकासा धक्का मिळाला आणि मी चालले, संथ, डुलत, न डगमगता. मला वाटलं, हेच बरं. तेवढ्यात ताई म्हणाली, "आता वळा," आणि मला कळलं की मी वळणार नाही. मी सगळ्यांकडे पाहत, अगदी शांतपणे, पोत्यांपर्यंत गेले आणि त्यांवर बसले. एसटी बस आगारात लागली, असं नवरा म्हणाला. त्याला त्या दिवशी फार सुचत होतं.

मग निळी. उभी राहिले तशी मी पुढे झुकले. कुणीतरी रांगेत मागून हलकेच ढकलत असावं, तसं वाटत होतं. पायाला बळेच घाई. मी दोन पावलं टाकली, जरा वेग आला, आणि पुढचं लहान चाक सिमेंटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत अडकलं. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते थेट हातांवर आणि गुडघ्यांवर पडल्यावरचं.

नवरा पाण्याची बाटली घेऊन धावला. आया उठल्या. लेक सगळ्यात आधी पोचली. तिनं मला उचलून बसवलं, हात पाहिले, गुडघे पाहिले. "लागलं का, आई?"

"नाई."

"नक्की?"

"नाई लागलं, बेटा."

तेवढं ऐकल्यावर ती पोटावर आडवी झाली आणि गाल जमिनीला टेकवून ती फट पाहू लागली. बोट घालून पाहिलं. निळ्या फ्रेमचं पुढचं चाक पाहिलं. मग उठून म्हणाली, "आई, अजून एक डाव जाते का तिथूनच?"

आया हसून हसून लोळल्या. नवरा म्हणाला, "काई गरज नाई."

पण मला जायचं होतं. खरंच सांगते, लेकीसाठी नव्हे. पडून झालं होतं, आणि पडण्यात वाटलं होतं तेवढं काही नव्हतं. मी पुन्हा उभी राहिले, ताईनं सांगितलं तसे गुडघे वाकवले आणि त्याच फटीकडे गेले. या वेळी चाक अडखळलं, मी डोलले, पण पार झाले. आयांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनं वाजवल्या नाहीत. ती विचार करत होती.

ती फटी मोजत अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन आली. मग ताईला म्हणाली, "म्हंजे दरवेळी त्या फटीचं ध्यान ठेवावं लागन."

"हो."

"आन इथं फटीच फटी आहे."

"हो."

"गुळगुळीत मैदानावर हे भारी आहे ना, ताई?"

"लय भारी. पन तिथं तू जाशीन मॅचले. प्रॅक्टिस तं रोज इथंच करशीन ना?"

लेकीनं निळ्या फ्रेमवरून बोट फिरवलं. "हे मोबाइलवरच्या मैदानासाठी आहे," ती म्हणाली. "आपल्या जिनिंगसाठी नाई." आणि लहान, चार सारख्या चाकांची, कुठलीही चकाकी नसलेली जोडी तिनं उचलली.

मला तिचा त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो तिच्या शर्यतींतल्या पदकांच्या वेळीही वाटला नव्हता. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं निळी मागितली असती.

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला जाऊन तशीच फ्रेम घेतली. दुकानात नवऱ्यानं बाकी काही विचारायच्या आधी खिशातून टेप काढून भोकांमधलं अंतर मोजलं. दुकानदार म्हणाला, "साब, पहली बार कोई टेप लेकर आया है." नवऱ्याला ती शाबासकी वाटली.

नव्या फ्रेमचे लाड वेगळेच होते. जिनिंगचं अंगण कितीही झाडा, रुईचे तंतू कुठून तरी येतातच. संध्याकाळी चाकं काढली की आतल्या दांड्याला पांढरे धागे गुंडाळलेले दिसायचे, सूत काततात तसे. एकदा नवऱ्यानं त्याच्या भावाकडून ट्रॅक्टरचं ग्रीस आणून सगळ्या बेअरिंगांत भरलं. दुसऱ्या दिवशी त्या ग्रीसला इतकी रुई चिकटली की आठही चाकं फिरायचीच थांबली. लेक दोन तास रॉकेलच्या वाटीपुढे बसून ती धूत होती. बाप शेजारी बसून पुसत होता.

पावसाळा संपल्यावर वर्ध्याला अमरावतीच्या पोरींशी सामने झाले, सपाट, गुळगुळीत मैदानावर. आमच्या पोरी पहिला सामना हरल्या, दुसऱ्यात बरोबरीवर होत्या. लेक डावीकडे आता बघता बघता वळायची, जागेवर वळायची. उजवीकडे मात्र अजून जरा थांबून, विचार करून. शेवटच्या मिनिटांत चेंडू तिच्या उजव्या बाजूला आला, अगदी मोकळा. मी ताईचा हात धरला. लेक वळली. छान नव्हती वळली, एक हात हवेत, एक पाय भलतीकडे. पण वळली, चेंडू गाठला आणि पुढच्या पोरीला दिला. तिनं गोल केला. मी इतकी ओरडले की पुढच्या रांगेतल्या अमरावतीच्या एका बाईनं वळून मला पाणी दिलं.

आता राहिले माझे पाय. ती लहान फ्रेम, ते सरळ उभं राहणं, माझ्या मनातून जात नव्हतं. वर्गात शिकवता शिकवता मी घोट्यांकडे लक्ष देऊ लागले. घरी कुणाला काही बोलले नाही. या वयात काय मागायचं, असं वाटायचं. पण दिवाळीच्या आधी नवऱ्यानं एक खोकं माझ्यासमोर ठेवलं. आत बूट आणि बुटाखाली फ्रेम, बुटकी, चार छोट्या चाकांची.

"तुह्यासाठी पाह्यली," तो म्हणाला. "आत सरकवता येते हे. आन भोकं मोजली मी."

यानं हा सगळा अभ्यास मला न सांगता केला होता. एवढ्या दिवसांत जेवताना एक अक्षर नाही. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. मग म्हटलं, "चहा ठेवू का?"

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पाच आया खेळायला लागलो. खेळ म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण काठी हातात असली की तोल सावरायला बरं पडतं. शिबिराच्या शेवटच्या सकाळी ताईनं आमचा आणि पोरींचा सामना ठेवला. मला गोलसमोर उभं केलं, कारण तिथे फारसं हलावं लागत नाही, असं तिला वाटलं. पोरी गोलांमागून गोल करत होत्या, आणि आम्ही मोजणं मध्येच सोडून दिलं. एकदा लेक चेंडू घेऊन एकटीच माझ्यावर चालून आली. वेग तोच, रस्त्यावरचा. मी घाबरून डोळे मिटले आणि गुडघे वाकवले. चेंडू माझ्या चाकांवर आदळून बाहेर गेला.

"आई! मुद्दाम अडवला तू!"

"मी तं हाललोबी नाई!"

"तेच तं!"

आया धावत आल्या, म्हणजे जमेल तशा आल्या, आणि आम्ही पाचही जणी एकमेकींना धरून खाली बसलो. उठायला पोरींना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळी वर्ग होता. माझा हात खांद्याच्या वर जाईना. मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात वर्तुळ काढलं, त्याला स्पर्शिका काढली, आणि सगळा तास तिथेच वाकून शिकवला. मागच्या बाकांवरच्या पोरी उभ्या राहून उतरवून घेत होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, काय झालं तुमाले?"

"काल मॅच होती," मी म्हटलं, आणि पुढचं गणित लिहायला घेतलं.